मधुमेहाची जीन टेस्ट कोल्हापुरातून कशी केली, किती वेळ गेला, किती पैसे लागले

‘तुमची शुगर नेहमीची वाटत नाही, एकदा जीन टेस्ट करून बघूया’ असं डॉक्टरांनी सांगितलं की माणूस दवाखान्याच्या पायरीवरच मोबाइल काढतो. मीही काढला. मराठीत हाताला काही लागलं नाही आणि इंग्रजीत जे होतं ते सगळं तिकडच्या लोकांचं. रक्त इथं कोण घेतं, रिपोर्ट कोण समजावून सांगतं, घरच्यांना काय सांगायचं, पैसे कुठून मिळतात का, यातलं काहीच नव्हतं. म्हणून हे लिहितोय. मी डॉक्टर नाही, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत क्वालिटीला आहे. गोळ्यांबद्दल खाली जे आहे ते वाचून स्वतःवर काही करू नका.

माझी शुगर निघाली ऑगस्ट २०१९ मध्ये, नोकरीच्या मेडिकलमध्ये. वय २६, वजन ५६ किलो, उपाशीपोटी साखर १७२. लॅबवाल्यालाच आधी खरं वाटेना, ‘चहा पिऊन आलाय काय?’ म्हणाला. एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. एका डॉक्टरांनी टाइप टू म्हणून मेटफॉर्मिन दिलं, दुसऱ्यांनी ‘एवढा बारीक माणूस, टाइप वन असणार’ म्हणून २०२१ मध्ये इन्सुलिन सुरू केलं. मी दोघांचंही ऐकलं. इन्सुलिनवर आकडे कधी ७.५, कधी ८.६. आणि एक विचित्र गोष्ट: रक्तात साखर फारशी नसतानाही लघवीत मात्र भरपूर यायची. याकडं कुणी लक्ष दिलं नाही, मीही नाही.

नोव्हेंबर २०२३ मध्ये राजारामपुरीतल्या एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडं (हार्मोन आणि मधुमेहाचे डॉक्टर) गेलो. त्यांनी माझी फाइल बाजूला ठेवली आणि घरच्यांचं विचारायला सुरुवात केली. कुणाला आहे, कितव्या वर्षी लागली, जाड होते की बारीक, गोळी कुठली, किती. मी सांगितलं: आजीला होती, पाय काळा पडून गेली. आण्णांना, म्हणजे वडिलांना, ३३ व्या वर्षी लागली. आत्तीला तिशीच्या आतच, पहिल्या बाळंतपणात कळलं. दोघंही काटकुळे. आण्णा काय घेतात? ग्लिबेनक्लामाइडची अर्धी गोळी. किती वर्षं? लागली तेव्हापासून तीच, गावातल्या डॉक्टरांनी दिलेली. अर्ध्याची एक केली की दुपारी घामानं डबडबतात, म्हणून अर्धीच. इथं डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. अठ्ठावीस वर्षं अर्ध्या गोळीवर शुगर ताब्यात, हे साध्या टाइप टूमध्ये सहसा होत नाही म्हणाले.

मग त्यांनी ‘मोडी’ हा प्रकार सांगितला. एकाच जीनमधल्या बिघाडानं तरुणपणी लागणारा मधुमेह. आई किंवा वडील, कुणा एकाकडून आला तरी पुरतो, आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. त्यातला एचएनएफवनए जीनचा प्रकार असेल तर मूत्रपिंड साखर लवकर सांडतं (माझी लघवी!) आणि सल्फोनिलयुरिया जातीच्या गोळ्या अगदी थोड्या मात्रेत लागू पडतात (आण्णांची अर्धी गोळी!). हे ऐकताना अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

पण लगेच टेस्ट लिहून दिली नाही. आधी सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं, ९०० रुपये) आणि गॅड अँटिबॉडी (टाइप वनमध्ये सहसा सापडते, २,४०० रुपये). टाइप वन असता तर चार वर्षांत शरीराचं स्वतःचं इन्सुलिन संपत आलं असतं. माझं सी-पेप्टाइड चांगलं होतं, अँटिबॉडी निगेटिव्ह. ब्रिटनमधल्या एक्झिटरच्या संशोधकांनी मोडीची शक्यता टक्क्यांत सांगणारा एक कॅल्क्युलेटर केलाय, तोही त्यांनी भरला. ‘हा गोऱ्या युरोपीय पेशंटांवर बेतलेला आहे, आकड्याला फार धरून बसू नका’ असंही सांगितलं. आपल्याकडं साधा टाइप टूसुद्धा कमी वयात आणि बारीक माणसांना होतो, त्यामुळं ‘तरुण आणि बारीक’ ही तिकडची खूण इथं तेवढी कामाची नाही. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. जॉन युडकिन यांचा एक फोटो त्यांनी दाखवला, २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेला. दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. ब्रिटनमध्येच २०१६ साली मोडीच्या तपासण्यांचा हिशेब झाला तेव्हा दक्षिण आशियाई पेशंटांत ठाम निदान होण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या निम्म्याहून कमी निघालं होतं. थोडक्यात, पैसे घालवूनही उत्तर मिळेलच असं नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं.

पैशाचं म्हणाल तर जीन पॅनेल (मोडीचे बरेच जीन एकदम तपासणारी टेस्ट) १९,५०० रुपये. पगार २१ हजारांच्या वर गेल्यानं ईएसआय सुटलं होतं. कंपनीच्या मेडिक्लेमला विचारलं तर दाखल झाल्याशिवाय काही मिळत नाही. महात्मा फुले योजनेचंही तेच. दिवाळीच्या बोनसमधले राहिलेले आणि बायकोच्या भिशीचे, असे मिळून जमवले. पैसे भरण्याआधी लॅबला चार गोष्टी जरूर विचारा: पॅनेलमध्ये कुठले जीन आहेत, रिपोर्टनंतरचं समुपदेशन त्याच पैशात आहे का, सँपल वाया गेलं तर परत घेताना पैसे पडतात का, आणि रिपोर्ट अनिश्चित आला तर आईवडिलांची तपासणी फुकट होते का. मी ज्या लॅबचं घेतलं ती बेंगळुरूची, आणि शेवटचा प्रश्न विचारला नसता तर पुढं सात हजार जादा गेले असते.

(मध्येच एक. मेव्हण्यानं त्याआधी वाढदिवसाला एक ‘वेलनेस डीएनए किट’ दिलं होतं. नळीत थुंकायचं आणि पाठवायचं. त्याचा रंगीत अहवाल आला: मधुमेहाचा धोका कमी. तेव्हा मला मधुमेह होऊन चार वर्षं झाली होती आणि मी सुई टोचून तो अहवाल वाचत होतो. असले धोक्याचे आकडे बहुतेक युरोपीय लोकांच्या अभ्यासावरून काढलेले असतात, आणि मोडीसारखा एका जीनचा प्रकार त्यात धरलेलाही नसतो.)

१२ फेब्रुवारी २०२४ ला शाहूपुरीतल्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं. जांभळ्या झाकणाची छोटी नळी, उपाशी असायची गरज नाही. रक्ताला दोन मिनिटं, फॉर्मला तासभर. मातृभाषा, आईवडिलांची मूळ गावं, समाज, आणि ‘आईवडिलांचं लग्न नात्यात आहे का?’ आता आपल्याकडं हा काय प्रश्न झाला! माझी आई म्हणजे आण्णांच्या सख्ख्या मामाची मुलगी. निम्म्या गावाची लग्नं अशीच झालेली. मी ‘हो’वर खूण केली तशी सेंटरवरच्या मुलीनं वंशावळ काढायला घेतली. पुरुष चौकोन, बाई गोल, शुगर असेल तर आत रंग भरायचा, वारले असतील तर तिरकी रेघ. नवराबायकोला जोडणारी एक आडवी रेघ असते, आईआण्णांच्या मध्ये तिनं दोन मारल्या. कागद हातात घेऊन पाहिलं तर रंगवलेल्या गोल-चौकोनांची एक ओळ आजीपासून सरळ माझ्यापर्यंत उतरत होती. आयुष्यभर ऐकलेल्या गोष्टी, पण अशा एका कागदावर कधी बघितल्या नव्हत्या.

ही माहिती आदल्या दिवशीच गोळा करून न्या. कोण कितव्या वर्षी, काय औषध, वजन साधारण किती. आजी कशानं गेली हे तिथं बसून फोनवर विचारायला गेलं की घरातले घाबरतात. संमतिपत्र इंग्रजीत होतं, मराठी प्रत मागितली तर चार-पाच दिवसांनी मेलवर आली. त्यात दोन चौकटी नीट वाचा: उरलेलं सँपल संशोधनाला वापरायचं का, आणि मधुमेहाशिवाय दुसरं काही सापडलं तर सांगायचं का. पहिल्याला मी हो म्हटलं, दुसऱ्याला नाही.

महिन्यात रिपोर्ट म्हणाले होते. मार्चच्या मध्यावर फोन आला की डीएनए कमी भरला, परत सँपल द्या. दिलं. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रिपोर्ट आला. अकरा पानं. पहिल्या पानावर एचएनएफवनए जीनमध्ये एक बदल सापडल्याचं, आणि त्याच्यापुढं ‘व्हेरियंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स’. म्हणजे बदल आहे, पण आजार त्याच्यामुळं आहे का ते सांगता येत नाही. मी पार्किंगमध्ये गाडीवर बसून तीनदा वाचलं. वीस हजारांत ‘माहीत नाही’ विकत घेतलं, असं बायकोला म्हणालो. ती म्हणाली, आधी त्या समुपदेशक बाईंशी बोल, मग चिड.

२० एप्रिलला व्हिडिओ कॉल झाला. पाऊण तास. रिपोर्टपेक्षा हाच कॉल महत्त्वाचा, तो चुकवू नका. जीनमधल्या बदलाचे पाच वर्ग असतात, २०१५ साली ठरलेल्या नियमांनुसार: रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. वर्ग ठरवताना पहिला प्रश्न असतो की हा बदल निरोगी लोकांत किती दिसतो. त्यासाठी ‘नोमॅड’ नावाचा जागतिक साठा बघतात. त्यात आठ लाखांवर लोक आहेत, पण दक्षिण आशियाई म्हणून नोंदलेले ४५ हजारांच्या घरात, आणि त्यातलेही बरेच ब्रिटन-पाकिस्तानातले. माझा बदल त्या साठ्यात कुठंच नाही. मी म्हटलं, मग दुर्मिळ आहे म्हणजे दोषीच की! त्या म्हणाल्या, तसं नसतं. एखादं आडनाव पुण्यात कुणी ऐकलेलं नसतं, पण भुदरगडात त्याच आडनावाची आख्खी गल्ली असते. भारतात आपापसातच लग्नं करणारे साडेचार हजारांवर समाज आहेत, प्रत्येकाचे असे स्वतःचे बदल असू शकतात, निरुपद्रवीसुद्धा. तुमच्या लोकांचा कुणी अभ्यासच केला नसेल तर तुमचा बदल गल्लीतला आहे की खरंच एकटा, हे लॅबला कळणार कसं?

त्यांनी उदाहरणं दिली त्यातली दोन याच जीनची होती. कॅनडातल्या ओजी-क्री आदिवासींत मधुमेह फार, आणि तो लवकर लागतो. १९९९ साली त्यांच्यात एचएनएफवनएमधला एक बदल सापडला, जो दुसऱ्या समाजांत दिसला नव्हता. मेक्सिकोत २०१४ साली त्याच जीनमधला आणखी एक सापडला, धोका साधारण पाचपट वाढवणारा, आणि ते पेशंट दिसायला साध्या टाइप टूसारखेच. ग्रीनलंडच्या इन्युइट आदिवासींत त्याच वर्षी वेगळ्याच जीनमधला. युरोपात शोधत बसले असते तर यातलं एकही हाताला लागलं नसतं. आपल्याकडचंही थोडं काम आहे. टीसीएफ७एल२ या जीनमधला जगभर सापडणारा धोक्याचा बदल भारतीयांतही तितकाच लागू आहे, हे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेनं आणि पुण्याच्या केईएमनं २००७ साली दाखवलं. पण तो लाखो लोकांत असणारा बदल, माझ्यासारख्याला त्याचा उपयोग नाही.

माझ्या हातात होते ते नातेवाईक. ज्यांना शुगर आहे त्यांच्यात हा बदल असला आणि ज्यांना नाही त्यांच्यात नसला, तर पुरावा वाढतो. आणि त्या दोन रेघांमुळं एक गुंता होता: आजी आणि आईचे वडील सख्खी भावंडं, तेव्हा आजीच्या घराण्यातला बदल माझ्याकडं आईच्या बाजूनंही आलेला असू शकतो. आईलाही शुगर आहे, ५८ व्या वर्षी लागलेली. म्हणजे तिचीही तपासणी हवी. आईआण्णांची फुकट, बाकीच्यांची प्रत्येकी साडेतीन हजार, कारण एकच जागा तपासायची असते.

आण्णा काही न विचारता तयार झाले. आई म्हणाली, ‘चल, मी पण येतो की.’ तात्या म्हणजे माझे चुलते, वय ६२, शुगरचं नाव नाही, तेही आले. अडलं ते पुढं. मामा नाही म्हणाले. थोरलीचं लग्न जमवायचंय, रक्तात काही आहे असं बाहेर फुटलं तर? मी समजवायला लागलो आणि मग थांबलो. समुपदेशकांनी सांगून ठेवलं होतं की नको म्हणायचा हक्क प्रत्येकाला आहे आणि कारण द्यायचीही गरज नाही. शिवाय मामांची भीती खोटी नव्हती. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयानं आरोग्य विम्यातून जनुकीय आजार सरसकट वगळण्याला भेदभाव ठरवलं होतं. पण असल्या माहितीवरून होणारा भेदभाव रोखणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडं नाही, आणि सोयरिकीला तर कुठलाच कायदा लागत नाही.

आत्ती राधानगरी तालुक्यात. जूनमध्ये आणायचं ठरलं तर पेरण्या, जुलैमध्ये पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेलं आणि रस्ते बंद. ऑगस्टात शेवटी मीच गाडी घेऊन गेलो. ती बसली होती चुलीपुढं, फुंकणी हातात. ‘माझं रगात घिऊन तुझी साकर कमी व्हणार हाय व्हय?’ म्हटलं, कमी नाही होणार, पण कुठली आहे ते कळेल. ‘कुठली म्हंजे? साकर ती साकर.’ तरी लुगडं बदलून आली, आणि तिचा २४ वर्षांचा मुलगाही सोबत निघाला. आपणहून. सेंटरवाल्यांनी त्याला रक्त घ्यायच्या आधी वेगळं बसवून विचारलं, शुगर नसताना हे कळलं तर चालेल का. असं विचारत नसतील तर तुम्ही विचारायला लावा.

सप्टेंबरच्या शेवटी निकाल आले. आण्णांत बदल आहे. आत्तीत आहे. तात्यांत नाही. आईत नाही, म्हणजे तिची शुगर आपली नेहमीची, वय आणि वजनाची. एकाच घरात दोन वेगळे मधुमेह. आत्तीच्या मुलात मात्र आहे, आणि त्याला शुगर नाही. त्याची ग्लुकोज टेस्ट केली, ७५ ग्रॅम पावडर पाण्यातून: उपाशी ९२, दोन तासांनी १६८. उपाशी ठणठणीत आणि नंतर मोठी उडी, ही एचएनएफवनएची चाल जुळते असं डॉक्टर म्हणाले. लॅबनं सुधारित रिपोर्ट दिला. पुरावा रोगकारकतेच्या बाजूला झुकतोय, पण एवढ्या माणसांवर वर्ग बदलता येत नाही. वर्ग तोच, अनिश्चित.

डॉक्टरांचं म्हणणं असं की निव्वळ अनिश्चित रिपोर्टवर औषध बदलायचं नसतं, पण आण्णांची अर्धी गोळी, माझं सी-पेप्टाइड आणि लघवीतली साखर हे सगळं एकत्र धरून गोळीचा प्रयोग करायला हरकत नाही. ऑक्टोबरमध्ये ग्लिक्लाझाइड या सल्फोनिलयुरिया जातीच्याच गोळीची लहान मात्रा सुरू झाली आणि इन्सुलिन टप्प्याटप्प्यानं उतरवलं. पहिल्याच आठवड्यात दुपारच्या शिफ्टला कास्टिंग मोजताना व्हर्नियरचे आकडे हलायला लागले. साखर ५८. खिशात ग्लुकोजची पुडी होती. मात्रा आणखी कमी केली. जानेवारी २०२५ चा एचबीएवनसी ६.९, तेव्हापासून सातच्या आसपास. सुई बंद आहे. गोळीचा महिन्याचा खर्च इन्सुलिनच्या मानानं काहीच नाही. पुढं कधीतरी इन्सुलिन परत लागू शकतं, हेही सांगितलंय.

जानेवारी २०२५ मध्येच जीनोम इंडिया प्रकल्पातला सुमारे दहा हजार भारतीयांचा डेटा फरीदाबादच्या साठ्यातून संशोधकांना खुला झाला. माझा बदल त्यात निरोगी लोकांत बऱ्याच ठिकाणी दिसला तर सगळं उलटंही फिरू शकतं. म्हणून लॅबला दर वर्ष-दीड वर्षानं ‘पुनर्विश्लेषण करा’ असा मेल टाकायचा. ते आपणहून करत नाहीत. मेलमध्ये सँपल नंबर आणि दोन्ही रिपोर्टच्या तारखा घाला, नाहीतर आठवडाभर नुसतं ‘तपशील पाठवा’ चालतं.

माझी मुलगी चार वर्षांची आहे. तिची टेस्ट आत्ता करायची नाही असं डॉक्टर आणि समुपदेशक दोघांनीही सांगितलं. मोठी होत जाईल तशी साखर तपासत राहायचं, बाकीचं तिला कळायला लागल्यावर तिनं ठरवावं. आत्तीचं इन्सुलिन काही सुटलं नाही. वीसहून जास्त वर्षं झाली आणि मूत्रपिंडही नाजूक आहे, त्यामुळं डॉक्टरांनी हात लावला नाही. ‘मग मला काय मिळालं?’ असं तिनं विचारलंच. तिच्या मुलाची पुढची ग्लुकोज टेस्ट मार्चमध्ये आहे. रात्रीपासून उपाशी राहून पहिल्या एसटीनं ये म्हणून सांगितलंय, त्या दिवसाची रजा मी टाकून ठेवली आहे.